विश्लेषण : गावची तूर शाळेच्या वरणात का नाही?

शाळेच्या मागच्या शिवारात तूर उभी आहे. शाळेत दुपारी शिजणाऱ्या वरणातली डाळ मात्र जिल्ह्याच्या पुरवठादाराच्या गोदामातून आलेली आहे. ती लातूरची असेल, विदर्भातली असेल किंवा मोझांबिक, म्यानमारहून आयात झालेलीही असू शकेल. शेतकरी तुरीला भाव नाही म्हणून हवालदिल आणि त्याच गावातली शाळा डाळीच्या ट्रकची वाट पाहते, हे चित्र महाराष्ट्राला नवे नाही. शाळा, अंगणवाडी, आश्रमशाळा आणि वसतिगृहांना लागणारे अन्न जवळच्या शेतकऱ्यांकडून घ्यावे, अशी भूमिका केंद्राच्या योजनेतही लिहिलेली आहे. मग अडते कुठे? ब्राझीलने हीच गोष्ट कायदा करून कशी जमवली? आणि ती इथे परवडेल का?

शाळेच्या ताटात सध्या काय आणि कुठून येते?

शाळेत आहार देण्याची केंद्राची योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. सुरुवातीला अनेक राज्ये शिजवलेले अन्न न देता मुलांना धान्यच घरी देत असत. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला आणि योजनेला आजचे रूप आले. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने हा आहार मुलांचा हक्क झाला. सप्टेंबर २०२१ मध्ये योजनेचे नाव ‘पीएम पोषण’ झाले. त्या वेळी केंद्राने दिलेल्या माहितीनुसार देशातील ११.२० लाख शाळांतील ११.८० कोटी मुले या योजनेत येतात.

पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल असे प्रमाण ठरलेले आहे. सहावी ते आठवीसाठी हेच प्रमाण दीडपट आहे. धान्य केंद्राकडून येते. डाळ, भाजी, तेल, मसाला आणि इंधन यांसाठी प्रतिविद्यार्थी रक्कम ठरते. १ मे २०२५ पासून ती प्राथमिकसाठी ६ रुपये ७८ पैसे आणि उच्च प्राथमिकसाठी १० रुपये १७ पैसे झाली. या खर्चात केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के असतो.

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात तांदूळ आणि ‘धान्यादी माल’, म्हणजे डाळी, कडधान्ये, तेल आणि मसाले, नेमलेल्या पुरवठादारामार्फत शाळेत पोहोचतो. भाजीपाला आणि सरपण किंवा गॅस शाळेने स्थानिक पातळीवर घ्यायचा असतो. शहरांत बहुतेक ठिकाणी मध्यवर्ती स्वयंपाकगृहातून तयार अन्न येते. म्हणजे खऱ्या अर्थाने गावातून घेतले जाते ते भाजी आणि इंधन. ताटातला मोठा हिस्सा बाहेरून येतो.

एका शाळेची गरज किती?

पहिली ते पाचवीत १०० मुले असलेली जिल्हा परिषदेची शाळा धरू. रोज १० किलो तांदूळ, २ किलो डाळ, ५ किलो भाजी आणि अर्धा किलो तेल लागेल. वर्षात २२० दिवस आहार शिजला, तर २२ क्विंटल तांदूळ, ४.४ क्विंटल डाळ आणि ११ क्विंटल भाजी लागेल.

आता डाळीचा हिशेब. शाळेत तूरच नाही तर मूग, मटकी, चवळीही लागते. पण अंदाज यावा म्हणून सगळी डाळ तुरीची धरू. एक क्विंटल तुरीपासून साधारण ७० किलो डाळ मिळते. म्हणजे ४.४ क्विंटल डाळीसाठी सव्वासहा क्विंटल तूर हवी. कोरडवाहू शेतात एकरी तीन-साडेतीन क्विंटल उतारा धरला, तर एका शाळेची वर्षाची गरज दोन एकरांत भागते. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८,००० रुपये आहे. त्या दराने ही तूर सुमारे ५० हजार रुपयांची होते.

एका शेतकऱ्यासाठी हा आकडा मोठा आहे, पण एका शाळेसाठी वेगळी व्यवस्था उभारावी इतका तो मोठा नाही. नेमकी इथेच पहिली अडचण आहे. दोन किलो डाळ आणि पाच किलो भाजी पोहोचवायला कोणी गाडी काढणार नाही. पण आजूबाजूच्या दहा शाळा एकत्र धरल्या, तर वर्षाला ६० क्विंटलहून अधिक तूर, म्हणजे पाच लाख रुपयांचा माल आणि रोजची ५० किलो भाजी होते. बचत गटाला किंवा छोट्या शेतकरी उत्पादक कंपनीला हे काम पेलण्यासारखे आहे.

मग शेतकऱ्याकडून थेट का घेतले जात नाही?

पहिले कारण निविदा. सरकारी खरेदीचा मूळ नियम म्हणजे सर्वात कमी दर देणाऱ्याला काम. निविदेत वार्षिक उलाढाल, अनुभव, अनामत रक्कम अशा अटी असतात. जिल्ह्याचे काम एकत्र निघाले की दोन एकरवाला सोडाच, शंभर सभासदांची उत्पादक कंपनीही स्पर्धेबाहेर जाते.

महाराष्ट्राला याचा अनुभव आहे. अंगणवाडीच्या आहारात कंत्राटदार नकोत, गावातील समूह आणि महिला मंडळांना प्राधान्य द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००४ मध्येच सांगितले होते. तरीही २०१६ मध्ये राज्यात घरपोच आहारासाठी निघालेल्या निविदेत उलाढालीच्या आणि यंत्रसामग्रीच्या अशा अटी होत्या, की लहान बचत गट आपोआप बाद होत. हे काम सुमारे ६,३०० कोटी रुपयांचे होते. फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही निविदा प्रक्रिया रद्द केली. बचत गटांना प्राधान्य द्यायचे म्हणायचे आणि अटी मात्र मोठ्यांना पेलतील अशाच ठेवायच्या, या विसंगतीवर न्यायालयाने बोट ठेवले.

दुसरे कारण पैसे वेळेवर न मिळणे. मोठा पुरवठादार चार महिने बिलाची वाट पाहू शकतो, कारण त्याच्याकडे भांडवल असते. भाजी विकणाऱ्याला आठवड्याच्या बाजाराला पैसे लागतात. भाजी आणि इंधनाचे अनुदान उशिरा येते, तोवर खिशातून खर्च करावा लागतो, ही ग्रामीण मुख्याध्यापकांची जुनी तक्रार आहे. जिथे मुख्याध्यापकच उधारीवर योजना चालवतात, तिथे शेतकरी स्वतःहून येणे अवघड.

तिसरे कारण प्रक्रिया. शाळेला तूर नाही, डाळ लागते. ज्वारी नाही, पीठ किंवा भरडा लागतो. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेली ‘पीकेव्ही मिनी दालमिल’ विदर्भात अनेक बचत गट आणि शेतकरी चालवतात. म्हणजे तंत्र उपलब्ध आहे. ते चालवणाऱ्याला वर्षभराच्या मागणीची खात्री नाही.

सगळीकडे तांदूळच का? ज्वारी का नाही?

सोलापूर, अहिल्यानगर, मराठवाड्यात घरी भाकरी आणि शाळेत भात, असे वर्षानुवर्षे चालले आहे. याचे एक कारण केंद्राचा धान्यसाठा हे आहे. भारतीय अन्न महामंडळाच्या गोदामात तांदूळ आणि गहू मुबलक असतात, ज्वारी-बाजरी नसते.

दुसरे कारण फारसे बोलले जात नाही, ते म्हणजे स्वयंपाक करणाऱ्या बाईचे श्रम. केंद्राच्या निकषानुसार २५ मुलांपर्यंत एक आणि १०० मुलांपर्यंत दोन स्वयंपाकी-मदतनीस मिळतात. केंद्राच्या हिशेबात त्यांचे मानधन २००९ पासून दरमहा १,००० रुपये आणि तेही वर्षात १० महिन्यांचे. राज्ये त्यात आपली भर घालतात. दोघींनी १० किलो पिठाच्या शंभर भाकऱ्या दुपारच्या सुट्टीपर्यंत थापून भाजायच्या, शिवाय वरण-भाजी करायची, ही अपेक्षा व्यवहार्य नाही. एका पातेल्यात शिजणारा भात किंवा खिचडी त्यांना सोयीची पडते.

म्हणून ज्वारी-बाजरी शाळेत आणायची तर ती पातेल्यात शिजेल अशा रूपात आणावी लागेल. ज्वारीच्या कण्यांची खिचडी, भरड्याचा उपमा, नाचणीची आंबील किंवा लाडू. ‘स्थानिक धान्य द्या’ असा आदेश काढताना स्वयंपाकघरात कोण काय करणार आहे, याचा विचार झाला नाही तर तो आदेश कागदावरच राहतो.

ब्राझीलने काय केले?

ब्राझीलमध्ये शालेय आहार १९५५ पासून आहे. आज सरकारी शाळांतील सुमारे चार कोटी मुलांना तो मिळतो. १६ जून २००९ रोजी तिथे ११९४७ क्रमांकाचा कायदा झाला. त्याच्या १४ व्या कलमात एक साधी अट आहे. शालेय आहारासाठी केंद्र सरकार राज्यांना आणि नगरपालिकांना जो निधी देते, त्यातील किमान ३० टक्के रक्कम कुटुंबशेती करणाऱ्यांकडून थेट खरेदीसाठी खर्च झाली पाहिजे. जमीनवाटपात वसवलेली कुटुंबे, आदिवासी आणि पूर्वीच्या गुलामांच्या वंशजांच्या वस्त्या यांना प्राधान्य. २०२५ मध्ये नव्या कायद्याने हे प्रमाण जानेवारी २०२६ पासून ४५ टक्के करण्यात आले.

टक्क्यांपेक्षा महत्त्वाची आहे ती खरेदीची पद्धत. तिथे या हिश्शासाठी निविदा निघत नाही, ‘जाहीर आवाहन’ निघते. आधी आहारतज्ज्ञ स्थानिक पिके आणि हंगाम पाहून वर्षाचा आहार ठरवतात. त्यावरून कोणता माल किती लागेल हे निघते. मग स्थानिक बाजारांतील दर पाहून, वाहतूक आणि पॅकिंगचा खर्च धरून नगरपालिका खरेदीदर स्वतः जाहीर करते. शेतकरी किंवा त्यांची सहकारी संस्था त्या दराने किती माल देऊ शकेल, ते कळवते. दरावर स्पर्धा नाही. अर्ज जास्त आले तर आधी त्याच नगरपालिका क्षेत्रातील शेतकरी, मग जवळच्या प्रदेशातील, मग राज्यातील, असा क्रम लागतो. सेंद्रिय मालाला ३० टक्क्यांपर्यंत जादा दर देता येतो. एका कुटुंबाने वर्षाला किती रकमेचा माल विकावा याला मर्यादा आहे, त्यामुळे एकच बडा शेतकरी सगळा वाटा घेऊ शकत नाही.

कायद्यात पळवाट नाही असे नाही. पावती देता येत नसेल, नियमित पुरवठा शक्य नसेल किंवा स्वच्छतेच्या अटी पूर्ण होत नसतील, तर ३० टक्क्यांच्या अटीतून सूट मिळते. सुरुवातीच्या वर्षांत अनेक नगरपालिकांना हे प्रमाण गाठता आले नाही. शेतकऱ्यांना संघटित व्हायला आणि अधिकाऱ्यांना नवी पद्धत अंगवळणी पडायला वेळ लागला. पण अट कायद्यात असल्याने ती सरकार बदलल्यावरही टिकली.

याच्या उलट उदाहरण अमेरिकेचे. तिथे शाळांनी स्थानिक शेतमाल घ्यावा म्हणून दिला जाणारा सुमारे ६६ कोटी डॉलरचा निधी मार्च २०२५ मध्ये कृषी खात्याने रद्द केला. त्या भरवशावर लागवडीचे नियोजन केलेले शेतकरी अडचणीत आले. धडा असा, की शेतकऱ्याने शाळेसाठी पेरावे असे वाटत असेल, तर त्याला एका वर्षाच्या घोषणेपेक्षा भक्कम आधार द्यावा लागतो.

आपल्याकडे असा प्रयोग झालाच नाही का?

झाला आहे, तुकड्यातुकड्यांत. ओडिशाने २०१७ मध्ये सात जिल्ह्यांतील ३० तालुक्यांत भरडधान्य अभियान सुरू केले. आदिवासी शेतकऱ्यांकडून नाचणी हमीभावाने घेतली आणि २०२० पासून केओंझरच्या अंगणवाड्यांत नाचणीचे लाडू दिले. लाडू करणाऱ्या महिला बचत गटातल्या. पेरणी, खरेदी, प्रक्रिया आणि ताट ही साखळी एकाच कार्यक्रमात जोडली गेली, हे त्याचे वेगळेपण.

महाराष्ट्रात डिसेंबर २०१५ पासून आदिवासी भागातील गर्भवती आणि स्तनदा मातांसाठी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना आहे. त्यात अंगणवाडीतच ताजे जेवण शिजते आणि साहित्याची खरेदी गावपातळीवरची आहार समिती करते. शाळांमध्ये परसबागांचा उपक्रम आहे. त्यातून शेवग्याच्या शेंगा, पालक, मेथी ताटात येते आणि मुलांना माती कळते. मात्र परसबाग रोजच्या पाच किलो भाजीची जागा घेऊ शकत नाही.

अंड्यांचे उदाहरण बोलके आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने आठवड्यातून एकदा अंडे, आणि अंडे न खाणाऱ्यांना केळी, देण्याचा निर्णय घेतला. अंडे ही गावातल्या बाईला सहज विकता येणारी गोष्ट. चार कोंबड्या जास्त पाळल्या की झाले. पण जानेवारी २०२५ मध्ये राज्याने त्यासाठीचा स्वतंत्र निधी थांबवला आणि ऐच्छिक पाककृतींसाठी लोकसहभागाचा मार्ग दाखवला. ज्या गावात लोकवर्गणी निघते तिथे अंडे, नाही तिथे नाही. अशा मागणीवर कोणी कोंबड्या वाढवत नाही.

स्थानिक माल सुरक्षित असतो का?

‘गावचे म्हणजे शुद्ध’ हे गृहीत धरता येत नाही. जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यातील गंडामन गावात शाळेचा आहार खाऊन २३ मुले दगावली. तपासणीत तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक आढळले. शेतात वापरले जाणारे औषध आणि शाळेचे स्वयंपाकघर यांत अंतर राहिले नाही की काय होते, ते त्या दिवशी देशाने पाहिले.

म्हणून थेट खरेदीत काही गोष्टींवर तडजोड नको. फवारणीनंतर किती दिवसांनी तोडलेली भाजी आली याची नोंद, तेल आणि मसाला सीलबंदच घेणे, कोठीत कीटकनाशकाचे रिकामे डबे न वापरणे, आणि वाढण्यापूर्वी शिक्षकासह मोठ्यांनी अन्न चाखण्याचा जो नियम आहे तो रोज पाळणे. स्थानिक खरेदीत एक फायदा आहे. माल कोणाच्या शेतातून आला हे माहीत असते. चूक झाली तर ती शोधता येते.

खर्च वाढेल का?

थोडा वाढू शकतो, हे मान्य करावे लागेल. हमीभावाने ८० रुपये किलोची तूर घेतली तर डाळीचा कच्चा खर्चच किलोला ११४ रुपये होतो. भरडाई, चुनी-भुशाचे उत्पन्न आणि वाहतूक यांचा हिशेब त्यानंतर. बाजारात तूर हमीभावाखाली असेल तेव्हा पुरवठादार तीच स्वस्तात घेतो आणि निविदेत कमी दर भरतो. म्हणजे कमी दराची निविदा अनेकदा शेतकऱ्याच्या पडलेल्या भावावर उभी असते.

शंभर मुलांच्या शाळेला रोज ६७८ रुपये मिळतात. दोन किलो डाळ १२५ रुपयांनी, पाच किलो भाजी ४० रुपयांनी आणि अर्धा किलो तेल १५० रुपये दराने धरले, तर ५२५ रुपये होतात. मसाला, मीठ आणि गॅससाठी दीडशे उरतात. म्हणजे सध्याच्या दरातही हमीभावाची डाळ बसू शकते, पण तारेवरची कसरत करून. जून-जुलैत भाजी ६०-७० रुपयांवर गेली की गणित मोडते. त्यामुळे स्थानिक खरेदीचा आग्रह धरताना दर वाढवणे किंवा हमीभाव आणि बाजारभाव यांतील फरक कृषी खात्याने उचलणे, यापैकी एक करावेच लागेल. शेवटी सरकार हमीभावाने तूर घेऊन गोदामात ठेवते आणि नंतर ती विकायला काढते, तोही खर्चच आहे.

पुढे काय होऊ शकते?

‘पीएम पोषण’ला २०२१ मध्ये मिळालेली मंजुरी २०२५-२६ पर्यंतची होती. त्या निर्णयात शेतकरी उत्पादक कंपन्या आणि महिला बचत गटांना योजनेत सहभागी करून घेण्याला, स्थानिक पारंपरिक अन्न वापरण्याला प्रोत्साहन द्यावे, असे म्हटले आहे. ‘प्रोत्साहन’ आणि ‘किमान ३० टक्के’ यांतला फरक ब्राझीलने दाखवून दिला. योजनेच्या पुढच्या टप्प्याचे निकष ठरताना हा फरक भरून काढण्याची संधी आहे.

राज्याला एकदम सगळीकडे उडी घेण्याची गरज नाही. आदिवासी विकास विभागाच्या शासकीय आश्रमशाळांपासून सुरुवात करता येईल. तिथे मुले निवासी असतात, सकाळच्या नाश्त्यापासून रात्रीच्या जेवणापर्यंत सगळे शाळेत लागते, त्यामुळे मागणी मोठी आणि ठरलेली असते. शिवाय त्या शाळांच्या भोवती नाचणी, वरई, तूर, उडीद पिकवणारेच शेतकरी आहेत, आणि अनेकदा ते त्याच मुलांचे आई-वडील आहेत. तीन गोष्टी आधी ठरवाव्या लागतील. पेरणीपूर्वी म्हणजे मे महिन्यात वर्षभराच्या मागणीची यादी ग्रामपंचायतीत लागणे, दर आधी जाहीर होणे आणि माल दिल्यापासून १५ दिवसांत पैसे खात्यावर जमा होणे. यातली तिसरी गोष्ट जमली नाही, तर पहिल्या दोन निरर्थक ठरतील.

तोवर शाळा व्यवस्थापन समितीच्या हातात एक गोष्ट आहे. भाजीची खरेदी आजही शाळाच करते. ती कोणाकडून होते, कोणत्या दराने होते आणि पैसे किती दिवसांनी मिळतात, हे तीन प्रश्न समितीच्या पुढच्या बैठकीत कोणताही पालक विचारू शकतो. गावातल्या दोन-तीन भाजीवाल्या शेतकऱ्यांना त्या बैठकीला बोलावले, तर उत्तरे तिथेच मिळतील.